फुलपाखरांची निळी झळाळी : रानातील आणि पेटीतील

ईशान्य भारतातील अरण्यांत ‘स्ट्राइप्ड ब्लू क्रो’ नावाचे फुलपाखरू आढळते. त्याच्या नराच्या काळसर पुढच्या पंखांवर गडद निळी झळाळी असते. पक्ष्यांना ते अरुचकर लागते. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. याच प्रदेशात ‘स्पॉटेड पामफ्लाय’ हे निराळ्या उपकुलातील फुलपाखरू राहते. त्याचा नर ब्लू क्रोच्या नरासारखा, तर मादी त्याच्या मादीसारखी दिसते. अरुचकर जातीचा वेष धारण करण्याच्या या प्रकारास अनुकृती म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे १८६२ मध्ये तिची मीमांसा मांडली.

ही निळाई रंगद्रव्याची नव्हे. पंखांवरील खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशापैकी निळे किरण एकमेकांस बळ देतात. त्याखालील काळे रंगद्रव्य उरलेला प्रकाश शोषून घेते, म्हणून निळाई खुलते. पाहण्याचा कोन बदलला की तीच जागा काळी भासते.

संग्रहालयातील पेटीत पंख सपाट पसरून टाचलेले असतात. कोरड्या नमुन्यात रचनाजन्य रंग दीर्घकाळ टिकतो, हे खरे; परंतु त्याचे दर्शन एकाच कोनातून होते. नमुन्याच्या पोटातील स्निग्धांश पंखांत झिरपल्यास खवल्यांतील हवेची जागा तो घेतो व झळाळी मावळते. मद्यार्काने पंख भिजल्यासही रंग पालटतो, मात्र वाळल्यावर तो परत येतो. वर्षानुवर्षे प्रकाश लागल्यास काळी पार्श्वभूमी तपकिरी पडते आणि निळाई फिकी वाटते. दोन जातींचे नमुने असे वेगवेगळ्या प्रमाणात बिघडले असतील, तर त्यांच्यातील साम्याचा अंदाज चुकतो.

शिवाय, अनुकृतीचा परीक्षक माणूस नसून पक्षी आहे. त्याच्यासमोर सपाट पंख नसतात. असते ती उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर चमकून विझणारी निळी रेघ आणि ब्लू क्रोची संथ, तरंगती चाल. पेटीत शेजारी ठेवल्यावर सहज ओळखू येणाऱ्या दोन जाती रानात म्हणूनच चकवू शकतात.

याचा अर्थ जतन केलेले नमुने निरुपयोगी आहेत असा नव्हे. जातीची ओळख, शिरांची मांडणी व खवल्यांची रचना यांसाठी ते अनिवार्यच होत. परंतु स्थळ व दिनांकाबरोबर प्रकाश, उड्डाणाची रीत आणि झळाळीचा कोन यांचीही नोंद झाली, तरच पेटीतील पंख रानातील सत्य सांगू शकतील.