आमच्या घरचं वळण आणि वर्गातली मुलं

जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निवृत्त झालो. डी.एड.ला पाठ टाचण शिकवलं, बालमानसशास्त्र शिकवलं. पण शिक्षकाच्या बऱ्याचशा अपेक्षा त्याच्या घरातून येतात, हे कुणी सांगितलं नाही. ते नोकरीत कळत गेलं.

१. शिस्त म्हणजे काय, हे आपण कॉलेजात ठरवत नाही. आमचं घर सेवादलाचं. जेवलेलं ताट ज्याचं त्याने घासायचं, मुलगा असो की मुलगी. म्हणून खिचडीनंतर ताटं कोण धुतं, इकडे माझं लक्ष. फौजी घरातल्या सहकाऱ्याचं सगळं लक्ष रांगेवर. एका बाईंना सकाळचा नमस्कार चुकलेला चालत नसे. मुलं बिचारी तासागणिक घर बदलत.

२. एक माळकरी गुरुजी होते. मुलांना ‘माउली’ म्हणत, पाया पडणाऱ्या पोराच्या उलट पाया पडत. त्यांनी कधी हात उगारला नाही, की कुणाला टोचून बोलले नाहीत. त्यांच्या वर्गासारखा वर्ग मी पुन्हा पाहिला नाही. मग २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. गुरुजींनी पंगती वेगळ्या केल्या. मनात पाप काहीच नव्हतं, घरी पाहिलेली सोवळ्याची सवय. पण केळ्याची पंगत ‘चांगल्या’ मुलांची, असं पोरांनी दोन आठवड्यांत ठरवून टाकलं. मुख्याध्यापकांनी पुन्हा एकच पंगत केली आणि योग्यच केलं. ज्या घराने गुरुजींना मुलांपुढे वाकायला शिकवलं, त्याच घराने हेही शिकवलं होतं.

३. पाड्यावरची मुलं विचारत, “गुरुजी, तू काल कुठं होता?” त्यांच्या घरी मोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात; त्यात उद्धटपणा शोधू नये.

४. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन उशिरा वर्गात येते. वहीत अभ्यास नसतो. ‘बेजबाबदार’ हा शेरा मी अशाच मुलींच्या प्रगतिपुस्तकात वाचला आहे. शेरा लिहिणाऱ्याच्या लहानपणी जबाबदारी म्हणजे गृहपाठ, एवढंच होतं.

५. छडीचं समर्थन करताना शिक्षक हटकून ‘श्यामची आई’ काढतात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आईने मारलं होतं ना! मारलं होतं. पण तोच श्याम मोठा होऊन अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या गुपचूप झाडून ठेवत असे, हे विसरतात. साने गुरुजींनी आईकडून काय घ्यायचं ते निवडलं होतं. आपण सोयीचं तेवढंच घेतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, तरी “आम्ही मार खाऊनच शिकलो” हे वाक्य शिक्षकखोलीतून गेलेलं नाही.

६. सगळं सैल सोडा, असं मी म्हणत नाही. कुणाला मारणं, जातीवरून चिडवणं, दुसऱ्याचं हिसकावणं, इथे कोणत्याही घरची सबब चालू नये.

नव्याने रुजू होणाऱ्यांना एकच विनंती. आपल्या वर्गाचे नियम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुणाकडून आला ते नोंदवा: आई, आजोबा, आपले गुरुजी की शासन निर्णय. मग तो कागद पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा आणि त्यांच्या घरचे नियमही विचारा.