आणखी एक टेस्ट सिरीज? नको!

दिवाळी संपली की हे फोन सुरू होतात. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची (एनएलयू) प्रवेश परीक्षा, डिसेंबरात असते, हातात जेमतेम महिना-दीड महिना उरलेला असतो आणि प्रश्न दरवर्षी तोच असतो : "सर, मॉकमध्ये पंचावन्नच्या पुढे जातच नाहीये. आणखी एक टेस्ट सिरीज लावू का?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. मुलगी आतल्या खोलीत त्या आठवड्यातली चौथी मॉक सोडवत असते.

नका लावू. दर तासाला थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही.

आधी हिशेब समजून घ्या. क्लॅटमध्ये १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. समजा मुलीने १०८ प्रश्न सोडवले, ६६ बरोबर आले, ४२ चुकले. गुण झाले ५५.५. आता त्या ४२ चुका समोर घ्या. त्यातल्या बारा जरी निव्वळ घाईच्या निघाल्या आणि सुधारल्या, तर प्रत्येकीमागे सव्वा गुण वाढतो, कारण एक मिळतो आणि कापला जाणारा पाव वाचतो. म्हणजे थेट ७०.५. एकही नवा धडा न वाचता.

पण त्या बारा सापडणार कशा? मॉक दोन तासांची असेल, तर तिच्या चुका वाचायला तीन तास द्यावे लागतात. हेच कुणाला नको असतं, कारण त्यात गुण दिसत नाहीत, फक्त आपला मूर्खपणा दिसतो. एक वही करा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : उतारा नीट वाचला नाही, वाचला पण कळला नाही, की दोन पर्यायांत अडकून भलताच निवडला. "सिली मिस्टेक" हे कारण नाही, ते वहीत चालणार नाही.

लीगल रीझनिंगमध्ये तर याच वहीने गुण वाढतात. उताऱ्यात नियम दिलेला असतो, की दुकानाच्या काचेआड किंमत लावून मांडलेली वस्तू म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे. प्रस्ताव गिऱ्हाईक मांडतं आणि तो स्वीकारायचा की नाही हे दुकानदार ठरवतो. मग प्रश्न येतो : पाचशेची चिठ्ठी लावलेला शर्ट दुकानदाराने पाचशेला द्यायला नकार दिला, करार मोडला का? चांगली हुशार मुलं "मोडला" म्हणतात. त्यांना गिऱ्हाइकाची बाजू न्याय्य वाटते. पण करार झालेलाच नाही, तर मोडणार काय? इथे कायद्याचं ज्ञान कमी पडलेलं नाही. समोर लिहिलेला नियम सोडून मुलं स्वतःच्या मनाने निवाडा देतात. सलग दहा मॉकमध्ये हीच चूक करणारी मुलं आहेत आणि त्यांना अकरावी मॉक हवी असते.

तुक्क्याबद्दल घरात फार भीती असते. डोळे मिटून गोल रंगवले तरी सरासरीने चारांत एक बरोबर येतो : एक मिळाला, पाऊण गेला, पाव उरला. एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तर फायदा आणखी वाढतो. त्यामुळे खरं नुकसान तुक्क्याने होत नाही, एकाच प्रश्नावर चार मिनिटं घालवल्याने होतं.

बाकीचं थोडक्यात. चालू घडामोडींसाठी रोज एक वर्तमानपत्र, अग्रलेखासकट. शेवटच्या महिन्यात पीडीएफचे ढीग उतरवू नयेत. गणिताचे दहा-चौदाच प्रश्न असतात, तेही दहावीपर्यंतच्या टक्केवारी-गुणोत्तराचे. आर्ट्सची मुलं ते सरसकट सोडून देतात, हा शुद्ध आळस आहे.

आता पालकांशी. मॉक संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत "किती आले?" विचारू नका. रोज आकडा द्यावा लागला की मूल आकडा जपायला शिकतं : सोपे पेपर निवडतं, उत्तरं आधीच चाळतं, चुकांची वही लपवतं. मावसभावाचा पर्सेंटाइल फॅमिली ग्रुपवर टाकणं तर ताबडतोब बंद करा. आणि मुलाला वकिलीत रस आहे का, हे एकदा तरी विचारलंय का तुम्ही? पुष्कळ घरांत "इंजिनीअरिंग जमणार नाही, मग लॉ" एवढ्यावरच निर्णय झालेला असतो.

शेवटी, "एनएलयू नाही मिळालं तर?" राज्याची लॉ सीईटी आहे. तिच्यावर पुण्याचं आयएलएस मिळतं, मुंबईचं १८५५ सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मिळतं. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि पेपर मराठीतूनही देता येतो. क्लॅट फक्त इंग्रजीत असते. मराठी माध्यमाच्या मुलांना हा फरक कुणी सांगतच नाही. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घ्या, सनद देणारी बार कौन्सिल तीच. बारावीच्या धांदलीत सीईटीच्या अर्जाची तारीख निघून जाते, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.