दोन फेऱ्यांची बेरीज चालते का?

प्रश्न : मी शांघायमध्ये नोकरी करतो, सलग सहावे वर्ष सुरू आहे. वर्षातून दोनदा वीस-वीस दिवस नाशिकला येतो. एकूण ३० दिवसांहून जास्त बाहेर राहिल्याने नाशिकच्या घरभाड्यावर चीनमध्ये कर लागणार नाही ना?

उत्तर : काळजी नको, पण ही बेरीज चालत नाही. २०१९पासूनच्या चिनी नियमानुसार सलग सहा वर्षे दरवर्षी किमान १८३ दिवस तिथे राहिल्यास सातव्या वर्षी, पुन्हा तेवढेच दिवस राहिल्यावर, जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. ही साखळी तुटायला एकाच फेरीत सलग ३० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहावे लागते. म्हणून यंदाच्या दोन्ही रजा जोडून घ्या. जाण्या-येण्याचे दिवस न धरता चार-पाच दिवस जास्तच ठेवा आणि डिसेंबरअखेरच्या आत परता. एवढी रजा मिळणार नाही म्हणाल, तरी घाबरू नका: दुहेरी करआकारणी टाळण्याच्या भारत-चीन करारामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट मिळू शकते, पावत्या जपा. शांघायच्या पगारावरचा कर मात्र रजेमुळे टळत नाही. निघण्यापूर्वी निवास परवान्याची मुदत तपासा आणि करसल्लागाराकडून दिवसांची मोजणी पक्की करून घ्या.