अर्धे स्मरण

१९८६ सालापासून अमेरिकेत जानेवारी महिन्यातील तिसऱ्या सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असते. कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळावेत म्हणून झगडलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचे त्या दिवशी स्मरण केले जाते. शाळांतून बंधुभावाविषयीचे त्यांचे विचार सांगितले जातात. २०११ साली वॉशिंग्टन येथे त्यांचे भव्य पाषाणशिल्पही उभे राहिले. हा गौरव उचितच होय. परंतु किंग एवढेच होते काय?

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले. तेथे किंग यांनी वर्णिलेले समतेचे स्वप्न जगभर गाजले. तथापि, तो मोर्चा रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी होता. ताशी किमान दोन डॉलर मजुरी मिळावी, अशी त्याची एक मागणी होती. तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. स्वप्नाचे कौतुक फुकट करता येते. मजुरी पदरचे पैसे मोजून द्यावी लागते.

हयातीत किंग सर्वांना प्रिय नव्हते. अहिंसेचे व्रत त्यांनी कधी सोडले नाही. पण वर्णभेदाला विरोध करताना त्यांनी अनेकदा तुरुंगवास पत्करला. सरकारी गुप्तचर त्यांचे दूरध्वनी चोरून ऐकत असत. १९६७ साली त्यांनी व्हिएतनाममधील युद्धाचा कडक निषेध केला, तेव्हा मोठमोठी वृत्तपत्रे त्यांच्यावर रुष्ट झाली. चळवळीतील काही सहकाऱ्यांनीही त्यांना दोष दिला.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मरण पावले. तेव्हा सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. आपणही माणूस आहोत, एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. त्यांना पाठिंबा देण्यासाठी किंग मेम्फिसला गेले. तेथेच ४ एप्रिल रोजी गोळी घालून त्यांची हत्या करण्यात आली. त्या वेळी ते अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

जिवंत सुधारक समाजाला अडचणीचे प्रश्न विचारतो. पुतळा काही विचारीत नाही. म्हणूनच काल ज्यांना त्याचे शब्द बोचले, तेही आज त्याच्या पुतळ्यास निःशंकपणे हार घालतात. थोर पुरुषाचे खरे स्मरण करावयाचे, तर त्याने काय मागितले होते आणि त्यातले किती दिले गेले, हेही पाहिले पाहिजे.

स्वाध्याय
१. १९६३ च्या मोर्चाची कोणती मागणी मागे पडली? का?
२. तुमच्या शाळेत साजरी होणारी एखादी जयंती आठवा. त्या थोर व्यक्तीविषयी काय सांगितले जाते व काय राहून जाते, ते लिहा.