दोष सांगून केलेला सौदा : जुन्या गिटारची ऑनलाइन विक्री

सोलापूरच्या बाजारात चादर घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी घडी उलगडते, सूत बोटांत धरून पाहते, कापड उजेडाकडे करून कुठे धागा तुटला आहे काय ते शोधते. मग भावाची गोष्ट निघते. माल डोळ्यांसमोर असल्यामुळे दुकानदार थोडे कमी बोलला तरी चालते.

आता एक बाजार मोबाईलवर भरतो. तेथे गिऱ्हाइकाचे बोट मालापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापुढे असतात चार-सहा फोटो आणि विक्रेत्याने लिहिलेल्या दहा ओळी. त्या दहा ओळी खऱ्या असतील तर माल खरा, आणि त्या खोट्या असतील तर सारा सौदाच खोटा. ही गोष्ट समजण्यासाठी आज आपण जुनी गिटार आणि तिच्याबरोबरचे अ‍ॅम्प्लिफायर, पेडल वगैरे सामान यांचे उदाहरण घेऊ. गिटार शिकू लागलेली मुले वर्ष-दोन वर्षांत शिकणे सोडतात आणि वाद्य माळ्यावर जाऊन पडते. ते विकत घेणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा विकणे हा थोड्या भांडवलात होणारा धंदा आहे.

वाद्यांच्या व्यापाराबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, हे येथे आधीच सांगितले पाहिजे. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून मगच या धंद्यात पडावे. पण पुढे दिलेले नियम जुनी शिलाई मशीन, कॅमेरा किंवा मोबाईल विकणाऱ्यालाही तेवढेच लागू आहेत.

कारागिराचा हात

हा धंदा कोरड्या दलालाचा नाही, जाणत्या कारागिराचा आहे. आपल्या शेजारच्या मिरजेचे उदाहरण पाहा. तेथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारे घडवणारी. हत्यारांची मागणी घटली तेव्हा त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सितारला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांना लागणारा भोपळा आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून जातो. लाकूड, तार आणि जोड यांची पारख असलेला माणूस गिटारची दुरुस्तीही लवकर शिकू शकतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या बांधवांना अ‍ॅम्प्लिफायर अवघड जाऊ नये. ज्याला दुरुस्ती येते त्यालाच दोष दिसतो. आणि ज्याला दोष दिसतो त्याच्यावरच तो सांगण्याची जबाबदारी येते.

खरेदी करताना काय पाहावे

पहिली गोष्ट मान, म्हणजेच नेक. गिटार डोळ्याच्या रेषेत धरून मानेच्या कडेवरून पाहावे. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे 70 किलोचा ताण असतो. त्याने मान पुढे वाकते. बहुतेक अशा गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने फिरवून वाक काढता येतो. सळईच फिरत नसेल तर ते वाद्य स्वस्तातही घेऊ नये.

दुसरी गोष्ट ब्रिज. तारा ज्या पट्टीला अडकतात ती पोटापासून सुटत आली आहे काय, हे पातळ कागद खाली सरकवून कळते. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारला कोणी पोलादी तारा लावल्या असतील तर ब्रिज हमखास सैल झालेला असतो.

तिसरी गोष्ट हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि हवा कोरडी होते. मुंबईच्या दमट हवेतून आलेले लाकूड येथे आकसते. मग फ्रेटच्या तारांची टोके मानेच्या कडेने बाहेर येऊन बोटाला लागतात आणि पोटाला बारीक चिरा पडतात. चिरेवर बोट फिरवून ती फक्त पॉलिशची आहे की लाकडाची, हे ठरवावे.

चौथी गोष्ट वीज. परदेशातून आलेले अ‍ॅम्प्लिफायर 110-120 व्होल्टचे असू शकते. आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावले तर जळते. मागची पट्टी वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

पाचवी गोष्ट मालकी. विकणाऱ्याकडे मूळ बिल मागावे. ते नसेल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही घेतलेली पावती ठेवावी. चोरीचा माल जाणून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि शरियतमध्येही चोराकडून माल घेतल्याने मालकी येत नाही.

विक्रीचे वर्णन

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस जणू आजच्या फोटोंच्या बाजारासाठीच आहे. चकाकणारी बाजू पुढे आणि चीर गेलेली बाजू भिंतीकडे, असा फोटो काढणे म्हणजे ओले धान्य खाली दाबणेच होय.

म्हणून वर्णन लिहिताना पुढील क्रम ठेवावा :

1. कंपनी, मॉडेल आणि क्रमांक. नक्कल असेल तर नक्कल म्हणूनच लिहावे. नामांकित कंपनीचे नाव चिकटवलेली नक्कल अस्सल म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि ट्रेडमार्क कायद्याचा भंगही आहे.

2. दोष. चीर, झिजलेले फ्रेट, बदललेल्या किल्ल्या, खरखरणारे बटण, सारे लिहावे. प्रत्येक दोषाचा जवळून घेतलेला फोटो द्यावा.

3. दुरुस्ती. काय सुटले होते, कशाने चिकटवले, केव्हा केले.

4. आवाज. सहाही तारा एकेक वाजवून दाखवणारी छोटी चित्रफीत. ती शंभर विशेषणांपेक्षा जास्त पटते.

‘जसे आहे तसे’ एवढे लिहून आपण मोकळे झालो असे काहींना वाटते. पण माहीत असलेला दोष लपवण्याची परवानगी त्या शब्दांनी मिळत नाही. त्याचप्रमाणे शपथा घेऊन माल खपवू नये. त्याने माल खपतो, पण बरकत जाते. मित्राकरवी खोटी मागणी दाखवून भाव चढवणे याला नज्श म्हणतात आणि त्यास हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. आजच्या बनावट ‘मला हवी आहे’ या संदेशांचा हिशेब त्यातच होतो.

परत करण्याचा हक्क

हनफी फिकहनुसार न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. त्यास खियार-ए-रूयत म्हणतात. लपलेला दोष निघाल्यास परत करण्याचा हक्क वेगळा, तो खियार-ए-ऐब. नवा बाजारही शेवटी याच नियमावर आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाद्यांसाठीच 2013 साली अमेरिकेत शिकागो येथे सुरू झालेल्या रिव्हर्ब या बाजारात मालाच्या दर्जाच्या ठरावीक पायऱ्या आहेत, आणि माल वर्णनाप्रमाणे नसेल तर गिऱ्हाइकाला दाद मागता येते. आपल्याकडे ओएलएक्स किंवा फेसबुकच्या बाजारपेठेत विक्रेता आणि गिऱ्हाईक सहसा समोरासमोर व्यवहार उरकतात. तेथे विक्रेत्याचा शब्द हीच हमी. म्हणून सात दिवसांत परत घेण्याची अट आपणच लिहून द्यावी.

हिशेब करून पाहू

समजा, नवी पेठेतील एका कारागिराने 2,000 रुपयांना गिटार घेतली. तारा आणि दुरुस्तीला 800, पॅकिंगला 300 लागले. पदरची किंमत झाली 3,100. ब्रिज पुन्हा चिकटवला आहे हे सांगितले तर पुण्याचे गिऱ्हाईक 4,300 देते, न सांगितल्यास 5,500. सांगितले तर नफा 1,200 आणि गोष्ट संपली. न सांगितल्यास कागदावर नफा 2,400. पण आठ दिवसांत गिऱ्हाइकाला जोड दिसतो. पैसे परत जातात, जाण्यायेण्याचे भाडे प्रत्येकी 450 अंगावर पडते. पदरची किंमत 4,000 झाली. मग तीच गिटार 4,300 ला विकली तर उरतात 300 रुपये. शिवाय नावापुढे वाईट शेरा लागतो तो वेगळाच. आणि गिऱ्हाइकाला जोड कधीच दिसला नाही तर? तर 2,400 रुपये घरात येतील, पण ते कसे आले याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल.

पैसे आणि पार्सल

पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. स्वतःला लष्करी जवान म्हणवून ‘कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असे सांगणारा ठग असतो. फसवणूक झाल्यास लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. भाव ठरला आणि विसार घेतला की दुसऱ्याने जास्त देऊ केले तरी शब्द फिरवू नये.

पाठवताना तारा सैल कराव्यात, डोके आणि मान यांच्याखाली कापड भरावे. पेटी हलवल्यावर आत काहीही हलता कामा नये. परदेशी पाठवायचे असल्यास लाकूड तपासावे. शिसवीच्या जातीवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, सुट्या लाकडाला तशी सरसकट सूट नाही.

घरची एक गिटार विकणे वेगळे आणि धंदा म्हणून विकणे वेगळे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुन्या मालाच्या खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल तर जीएसटी नियम 32(5) प्रमाणे फक्त खरेदी-विक्रीतील फरकावर कर बसतो. त्यासाठी खरेदीची पावती हवीच. बाकी तपशील कर सल्लागाराकडून समजून घ्यावा.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेले कापड दोष न सांगता विकले. गिऱ्हाईक कोण होते ते सापडेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली, असे चरित्रकार लिहितात. आपले शहरही कापडाचे. आपल्या बाजारात दोष दाखवून माल देणारी माणसे कमी नाहीत. तीच सवय मोबाईलच्या पडद्यावर नेणे एवढेच आपल्या तरुणांना करायचे आहे. उद्या वर्णन लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ दोषाची लिहा. अल्लाह आपणा सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.