एमजीबी पाळायची तर खर्च किती?

‘साडेआठ हजार पौंडांत लाल रंगाची, क्रोम बंपरची एमजीबी मिळतेय, घेऊ का?’ नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थिरावलेलं ओळखीचं कुणी असं विचारतं, तेव्हा मी किमतीवर काहीच बोलत नाही. माझा पहिला प्रश्न असतो, गाडीखाली वाकून पाहिलंत का? या गाडीचं सगळं अर्थकारण तिच्या पोटाखाली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, यांतलं काहीही बिघडलं तरी काही शे पौंडांत, फार तर तीन-चार हजारांत मार्गी लागतं. पत्रा सडलेला निघाला, तर गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचं बिल मोठं होतं.

जुन्या स्पोर्ट्स कारचा नाद लागलेल्या माणसाला मी एमजीबीच सुचवतो, आणि त्याचं कारण तिच्या देखणेपणाइतकंच तिच्या संख्येत आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली आणि १९६५ मध्ये इटलीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या हातचं छप्पर ल्यालेली जीटी आली. एवढी संख्या असल्यामुळे सुटे भाग आजही नवे बनतात आणि सहज मिळतात. दाराच्या मुठीपासून पिस्टनपर्यंत सगळं घरबसल्या मागवता येतं. अख्खं नवं बॉडीशेलसुद्धा मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर ते बनवते. त्या काळातल्या कितीतरी इटालियन गाड्यांचा एक दिवा फुटला तर मालक महिनोन् महिने शोधत फिरतो. इथे ती वेळ येत नाही.

मराठी वाचकाला या गाडीचं इंजिन अगदीच परकं नाही. आपल्या ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं होतं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरल्या अंगाचं. तीच ओतीव लोखंडाची बांधणी, तेच हाताने लावायचे टॅपेट, तोच एसयू कार्बोरेटर, फक्त इथे एकाऐवजी दोन. ज्याने तरुणपणी ॲम्बॅसॅडरचं बॉनेट उघडलंय, त्याला एमजीबीची सर्व्हिसिंग जड जाणार नाही.

बाजारभाव ढोबळमानाने असे आहेत. १९७४ च्या अखेरीपर्यंतच्या क्रोम बंपरच्या रोडस्टरला सर्वाधिक मागणी. चांगल्या अवस्थेतली आठ ते पंधरा हजार पौंडांना, उत्तम नूतनीकरण झालेली त्याहून वर. त्यानंतर अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे काळे, जाड रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. त्या रबर बंपरच्या गाड्या चार ते आठ हजारांत मिळतात. जीटी रोडस्टरपेक्षा स्वस्त, आणि ब्रिटनच्या हवेत माझ्या मते जास्त शहाणपणाची: पाऊस आत येत नाही, मागे सामान मावतं, टपाच्या कापडाचा खर्च नाही. रबर बंपरला नाकं मुरडणाऱ्यांचं ऐकू नका. आठ हजारांत साधारण क्रोम बंपरची गाडी घेण्यापेक्षा तेवढ्यातच धडधाकट पत्र्याची रबर बंपरची गाडी घेणं केव्हाही चांगलं.

आता पत्र्याबद्दल सविस्तर, कारण पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यातही रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचं काम मुख्यतः दाराखालच्या पोकळ पेटीसारख्या भागाचं, म्हणजे सिलचं. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतली बाजू आणि खालची पट्टी अशा थरांनी तो बनलेला असतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी आत शिरतं आणि सिल आतून सडत जातो. वरून रंग मात्र लखलखीत राहतो. कित्येकदा सडलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवून गाडी विकायला काढतात. दिसायला सुरेख, ताकद शून्य.

म्हणून पाहायला जाताना रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक, टॉर्च आणि जुने कपडे घेऊन जा. सिल, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी, पायाखालची फरशी, मागच्या पाट्यांचे आधार आणि सीटमागची बॅटरीची जागा, सगळीकडे चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग मालकाच्या परवानगीने गाडी एका बाजूने जॅकवर उचलून दार उघडा आणि लावा. उचललेल्या अवस्थेत दार अडकू लागलं, तर गाडी मधून वाकतेय. तिथेच आभार मानून निघा. दोन्ही बाजूंचे सिल नीट, सगळे थर काढून बदलायचे तर जाणकार वर्कशॉप दोन ते चार हजार पौंड घेतं, रंगकाम वेगळं. पूर्ण गाडीचा चांगला रंग पाच हजारांच्या खाली होत नाही. संपूर्ण नूतनीकरणाला पंचवीस-तीस हजार पौंड सहज लागतात आणि तशी तयार गाडी बाजारात त्याहून कमी किमतीला मिळते. दुसऱ्या कुणी प्रेमाने खर्च करून ठेवलेली, फोटो आणि पावत्यांची जाडजूड फाइल असलेली गाडी शोधा. त्या फाइलसाठी दोन हजार जास्त द्यावे लागले तरी द्या.

यंत्राची पाहणी त्या मानाने सोपी. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी संशयास्पद. पूर्ण तापल्यावर, चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा पन्नासच्या आसपास किंवा वर राहायला हवा. ओव्हरड्राइव्ह असेल तर तो लागतो आणि सुटतो का बघा, कारण हायवेवर त्याच्यामुळे गाडीचा आवाज आणि पेट्रोल दोन्ही उतरतात. तारांची चाकं असतील तर पुढे-मागे करताना ‘टक्’ असा आवाज येतो का, तेही ऐका. खाचा झिजलेल्या असल्या तर चाकं आणि हब मिळून हजार पौंडांच्या वरचं काम निघतं. इंजिन पूर्ण खोलून बांधायला अडीच ते चार हजार. क्लचचा संच दीडशे पौंडांत येतो, पण तो बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, त्यामुळे मजुरीच भारी पडते. जाणकार गॅरेजचा दर तासाला साठ ते नव्वद पौंड आहे, हे सगळ्या हिशेबात लक्षात ठेवा.

म्हणूनच थोडं काम स्वतः शिकून घ्या. दर तीन हजार मैलांना, किंवा गाडी तेवढी चालत नसेल तर वर्षातून एकदा, तेल आणि फिल्टर बदलणं, पॉइंटमधलं अंतर तपासणं, टॅपेट लावणं, कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये तेल घालणं आणि पुढच्या किंगपिनना ग्रीस भरणं. शेवटचं काम लोक विसरतात आणि किंगपिन अकाली झिजतात. ही कामं एका शनिवारात होतात. सामान शंभर पौंडांच्या आत. तेल मात्र जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं २०डब्ल्यू-५० वापरा. पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला शंभर पौंडांच्या आसपास लागतात. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना ते खपत नाही, पण रस्त्यात अडकण्याचं एक मोठं कारण त्यामुळे जातं.

पेट्रोलचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने खराब होतात, आणि गळकी पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण. महागडं ई५ भरा आणि शिवाय सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बदलून घ्या. चाळीस-पन्नास पौंडांचं काम आहे, टाळू नका. शिशाचं पेट्रोल २००० पासून बंद झालंय. सिलिंडर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हे पावत्यांत पाहा. नसतील तर दर टाकीला शिशाऐवजीचं द्रव्य मिसळावं लागेल.

कागदोपत्री बाजू मालकाच्या सोयीची आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स लागत नाही, मात्र शून्य रकमेचा का होईना, दरवर्षी तो भरल्याची नोंद करावी लागते. मे २०१८ पासून अशा गाड्यांना, मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. तरीही ती करून घ्या. जास्तीत जास्त शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे, आणि एवढ्या पैशांत एक तटस्थ माणूस तुमचे ब्रेक, स्टिअरिंग आणि पत्रा खालून तपासून देतो. ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंद असलेल्या गाडीला लंडनच्या यूलेझचा, म्हणजे अतिकमी उत्सर्जन क्षेत्राचा, दिवसाचा साडेबारा पौंडांचा आकारही नाही.

विमा नवशिक्यांना वाटतो त्याहून खूप स्वस्त असतो: वर्षाला दीडशे-दोनशे पौंड. अटी असतात. मैलांची मर्यादा, रोजच्या वापराची दुसरी गाडी, रात्री बंद जागेत उभी करणं. पंचविशीच्या आतल्या चालकाला हा दर मिळत नाही. पॉलिसी ‘ठरलेल्या किमतीची’ घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी स्वतःच्या अंदाजाने पैसे देईल. त्यासाठी क्लबकडून मूल्यांकन मिळतं. एमजी कार क्लब १९३० पासूनचा आहे, एमजी ओनर्स क्लब १९७३ चा. वर्गणी पन्नास पौंडांच्या आसपास आणि ती पहिल्याच अडचणीत वसूल होते, कारण तुमच्या गावाजवळचा भरवशाचा मेकॅनिक तिथलेच लोक सांगतात.

वर्षाचा एकूण हिशेब मांडू. तीन हजार मैल, म्हणजे जवळपास ४,८०० किलोमीटर, चालवली तर गॅलनला २७ मैल या सरासरीने ५०५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला दीड पौंड धरले तर साडेसातशे पौंड. विमा पावणेदोनशे, देखभाल आणि सुटे भाग पाचशे, एमओटी, क्लब आणि रस्त्यातल्या मदतीची वर्गणी मिळून दोनशे. ही बेरीज १,६२५ होते. त्यावर अचानक येणाऱ्या कामांसाठी सातशे बाजूला टाका. म्हणजे वर्षाला साधारण २,३०० पौंड. स्वतःचं गॅरेज नसेल तर भाड्याचे महिन्याला शंभर-दीडशे अधिक, आणि हा खर्च टाळता येत नाही. ब्रिटनच्या हिवाळ्यात उघड्यावर राहिलेली गाडी चार वर्षांत सिलच्या रूपाने ते सगळं भाडं वसूल करते. बंद जागेतही कव्हर हवा खेळू देणारं घ्या, आणि सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारून घ्या.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: न चालवलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा महाग पडते. उभ्या गाडीचे ब्रेकचे पिस्टन धरतात, टाकीतलं पेट्रोल नासतं, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात. दोन आठवड्यांतून एकदा, रस्ता मिठाने ओला नसेल त्या दिवशी, इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणा.

आणि हे फिरवणं हाच तर सगळ्या खर्चाचा मोबदला. मे महिन्यातल्या संध्याकाळी टप उतरवून शेफील्डहून स्नेक पासच्या घाटात शिरावं. जमिनीला लागून बसलेले असतो आपण, लांब नाकाच्या बॉनेटकडे बघत. दोन्ही कार्बोरेटर हवा ओढतात तो आवाज ऐकू येतो, वळणावर स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत हाताला कळतो. ताशी ऐंशी किलोमीटरला इतका आनंद देणारी गाडी आज नव्याने कुणी बनवत नाही. पंच्याण्णव अश्वशक्ती तिला पुरते, कारण तिच्यातली सगळी ताकद आपल्याला वापरता येते. पेट्रोल पंपावर कुणीतरी जवळ येतं आणि सांगतं, माझ्या वडिलांकडे हीच होती. अनोळखी देशात माणसं जोडून देणारी दुसरी वस्तू मी तरी पाहिलेली नाही.

ती पुढे मायदेशी नेण्याचं स्वप्न अनेकजण पाहतात. त्याचा खर्च आधी समजून घ्या. वापरलेल्या गाडीवर भारतातलं सीमाशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकावर नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५ हजार. पण अशी गाडी नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची परवानगी असते. लोणावळ्याला सहज चक्कर त्यात बसत नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: ब्रिटनमध्ये असाल तोवर ती तिथेच मनसोक्त चालवा, आणि परतताना क्लबातल्या जाणत्या माणसाला विका. नीट राखलेल्या गाडीत घातलेले पैसे बव्हंशी परत येतात, मात्र गुंतवणूक म्हणून नफ्याची आशा धरू नका.

इतकं वाचूनही मन ओढ घेत असेल, तर आधी एक दिवसासाठी भाड्याने घेऊन बघा. ब्रिटनमध्ये क्लासिक गाड्या भाड्याने देणारे बरेच आहेत, दिवसाला दीडशे ते अडीचशे पौंडांत मिळते. पावसाचा दिवस निवडा. टप चढवायला किती वेळ लागतो, काच किती धुरकटते, पाय गुडघ्यात किती दुमडावा लागतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेलं चाक गर्दीत किती जड जातं, हे सगळं तुम्हाला आणि शेजारी बसणाऱ्या जोडीदारालाही त्या एका दिवसात कळेल.