ब्राह्मी की ओंदेलग?

शेजारच्या कानडी मावशींनी दिलेले एक रोपटे आमच्या घरी कुंडीत पसरले आहे. मावशी त्याला 'ओंदेलग' म्हणतात व पाने वाटून ताकातली तंबुळी करतात. आई 'ब्राह्मी' म्हणते. खायची वस्तू म्हटल्यावर ओळखीची खात्री हवीच. खतावणीतील रक्कम किर्दीशी ताडून पाहावी, तशी मी एकेक खूण ताडून पाहिली.

पहिली खूण खोडाची. ते मातीवरून धावते आणि पेरापेराला मुळे फुटून नवे रोप उभे राहते. परंतु एवढ्याने निर्णय होत नाही. 'ब्राह्मी' या नावाने ओळखली जाणारी दुसरी वनस्पती, बाकोपा मोनिएरी, हीदेखील सरपटत जाऊन पेरांना मुळे धरते. म्हणून पान पाहावे. बाकोपाची पाने बारीक, मांसल, लांबट आणि समोरासमोर असतात. आमच्या रोपाचे पान लांब देठाचे, मूत्रपिंडाच्या आकाराचे व कडेला बोथट दाते असलेले आहे. देठ पानाच्या खाचेत जुळतो. तो मध्यभागी जुळता, तर शोभेच्या हायड्रोकोटाइलची शंका घ्यावी लागली असती.

तेव्हा ही सेंटेला एशियाटिका, अर्थात मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. लिनियसने १७५३ साली तिची गणना हायड्रोकोटाइलमध्येच केली होती. १८७९ साली उर्बानने तिला सेंटेलात आणले.

कन्नड नावात तर खूणच सांगितली आहे: ओंदु म्हणजे एक, एले म्हणजे पान, एका देठावर एकच पान. एका वनस्पतीला दोन नावे असल्याने बिघडत नाही. एका नावाखाली दोन वनस्पती असल्या, की मात्र तोंडात घालण्यापूर्वी पान नीट पाहावे.